गॅरेजचे बिल: वाद टाळताना आणि सोडवताना

गाडी दुरुस्तीला देताना ‘ब्रेक बदला’ असे न सांगता ‘ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून करकर आवाज येतो’ असे लक्षण सांगावे, कारण निदान आपणच केले तर ते चुकल्याचे खापरही आपल्याच माथी फुटते. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी घेताना गॅरेज भरते त्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, तक्रार, किलोमीटरचा आकडा आणि खर्चाचा अंदाज लिहून घ्यावा. वाढीव काम विचारल्याशिवाय करू नये, ही ओळही त्यावर असावी. काढलेले जुने भाग परत मागावेत. ब्रेक पॅडचे अस्तर साधारण ३ मिलिमीटरपर्यंत झिजले की पॅड बदलतात. परत मिळालेल्या पॅडवर ते बरेच जाड आणि एकसारखे शिल्लक असेल, तर विचारणा करायला नक्कीच जागा आहे.

बिल फुगलेले वाटल्यास सुटे भाग, मजुरी आणि कर वेगवेगळे मांडलेले बिल मागून ते अंदाजाशी ओळीओळीने ताडून पाहावे आणि मग मालकाशीच बोलावे. हाताखालच्या मेकॅनिकवर आवाज चढवून काहीच साधत नाही. पैसे अडवून धरण्याचा मोह होतो खरा, पण दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी ताब्यात ठेवण्याचा हक्क अनेक ठिकाणी कायद्यानेच गॅरेजला दिलेला असतो. म्हणून वाद नसलेली रक्कम आधी देऊ करावी आणि ती नाकारली गेली, तर बिलावर ‘हरकत राखून’ असा शेरा लिहून, पूर्ण रक्कम भरून, पावती घेऊन गाडी सोडवावी. त्यानंतर दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी अभिप्राय, फोटो आणि जॉबकार्डची प्रत जोडून गॅरेजला उत्तराच्या मुदतीसह लेखी तक्रार द्यावी. उत्तर न आल्यास हीच कागदपत्रे घेऊन ग्राहक तक्रार यंत्रणेकडे जावे.