व्हीआर गेमवरून आग विझवायला कसं शिकवावं

मालवणपासून देवबागपर्यंत होमस्टेच्या स्वयंपाकघरांत लाल अग्निशामक आता बऱ्याच ठिकाणी दिसतो. कुठे तो फ्रीजच्या मागे असतो, कुठे त्याच्या मुठीला कांद्याची पिशवी लटकत असते. वापरता येतो का विचारलं की ठरलेलं उत्तर, "चित्रां आसत मा तेच्यार." आग लागल्यावर चित्रं बघत कोण बसणार? म्हणून मी व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवला की खोटं जग खऱ्यासारखं दाखवणारा चष्मा, घेऊन फिरायला लागलो. "गेम लावून द्या, माणसं आपोआप शिकतात" असं तेव्हा जिकडेतिकडे वाचलं होतं. ते लिहिणाऱ्याने खरी आग कधी विझवलेली नसावी.

१. हेडसेट

चार्जिंग आणि अपडेट घरूनच करून निघा, तिकडे रेंजचा भरवसा नाही. दुपारी पडवीत हेडसेट उघडा ठेवू नका. भिंगातून ऊन आत शिरलं की पडद्यावर कायमचा डाग पडतो. माझ्या पहिल्या हेडसेटच्या उजव्या डोळ्यात तो पिवळा ठिपका अजून आहे. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर भिंगांवर बुरशी ठरलेली. दहा वर्षांखालच्या मुलांना लावू नका.

२. गेम कोणता

गुण, चांदण्या, टाळ्या याकडे बघू नका. तीन गोष्टी तपासा. अग्निशामकातली पावडर संपते का? तेलाच्या आगीवर पाणी ओतलं तर भडका उडतो का? आणि खेळणारा आपल्या पायांनी चालतो, की हातातल्या कंट्रोलरची कांडी बोटाने ढकलून सरकतो?

तिसरी गोष्ट लोक सोडून देतात. मग ज्याला जन्मात कधी बोट लागली नाही असा ट्रॉलरवरचा गडी पाचव्या मिनिटाला खळ्यात जाऊन ओकतो. समुद्रात कानातला तोल सांगतो की आपण हलतोय, आणि केबिनमध्ये डोळ्यांना मात्र सगळं स्थिर दिसतं. हेडसेटमध्ये नेमकं उलटं होतं. डोळे धावतात आणि शरीर जागेवर उभं असतं. म्हणून दोन-अडीच मीटर मोकळ्या जागेत स्वतःच्या पायांनी चालायचा गेमच घ्या. एका माणसाला आठ मिनिटं पुरे.

३. गेममध्ये काय शिकवायचं

जे खळ्यात करून दाखवता येत नाही तेवढंच.

पहिलं म्हणजे पेटलेली कढई. वडे तळताना तेल पेटलं की हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. पाणी तेलाखाली जातं, तिथे त्याची एकदम वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या साधारण सतराशे पट जागा मागते. पेटतं तेल थेट छपराला जातं. हे तोंडाने सांगून कुणाला पटत नाही. गेममध्ये एकदा तांब्या ओतू द्या. मग गॅस बंद, कढईवर परात, आणि कढई जागची हलवायची नाही, हे तीनदा करून घ्या.

दुसरं गॅसगळती. यात मी बोलत नाही, नुसता हात बघतो. वास येतोय असं सांगितलं की दहातले आठ जण आधी एक्झॉस्ट फॅनचं बटण दाबतात. ठिणगी तिथेच पडते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर येऊन १९०६ ला फोन करायचा.

४. चष्मा काढल्यानंतर

माझी इथेच फजिती झाली होती, आणि बाकीचे शिकवणारे इथेच सामान आवरायला घेतात.

पहिल्याच तुकडीत अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. गेममध्ये सगळ्यांच्या पुढे. मी खुशीत येऊन खळ्यात घमेल्यात नारळाची सोडणं पेटवली आणि त्याच्या हातात खरा अग्निशामक दिला. त्याने अग्निशामकाची मूठ घट्ट आवळली आणि तिच्यातली पिन ओढली. पिन हलेना. आणखी आवळली, आणखी ओढली. गुडघाभर आग, आणि तो माझ्याकडे बघतोय. मला वाटलं, घाबरला. पुढच्या आठवड्यात एका काकूंचं तेच झालं, त्यानंतर आणखी एकाचं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मूठ दाबलेली असली की पिन अडकते. खऱ्या अग्निशामकात मूठ मोकळी ठेवून, पिन जरा पिळून ओढावी लागते. तिला प्लॅस्टिकचं सील असतं, तेही तोडायला हिसका द्यावा लागतो. गेममध्ये मात्र कंट्रोलरच्या चापावर बोट पहिल्यापासून आवळलेलंच, आणि पिन एका बटणाने उडते. म्हणजे त्या पोराकडून वीस वेळा चुकीचा सराव मीच करून घेतला होता. अग्निशामक उचलल्यावर तो म्हणाला तेही खरंच होतं, "थंय ह्याचा वजन कळाक नाय." सहा किलो पावडर, टाकीसकट नऊ-दहा किलो.

विमान चालवायला शिकवण्यासाठी एडविन लिंकने १९२९ मध्ये बनवलेल्या यंत्रात बाहेरचं दृश्य नव्हतंच. वैमानिक झाकणाखाली काळोखात बसायचा, पण हातात खरा दांडा आणि पायाखाली पॅडल असायची. आपण दृश्यावर पैसे घालतो आणि हात मोकळा सोडतो.

आता माझा क्रम ठरलेला आहे आणि कुणी कितीही घाई केली तरी तो मी मोडत नाही. आधी रिकामा अग्निशामक प्रत्येकाने उचलायचा, पिन तीनदा काढायची-घालायची. मग हेडसेट. चष्मा उतरल्यावर पाणीबिणी नंतर, मिनिटाच्या आत पुन्हा तोच रिकामा अग्निशामक हातात. त्यानंतर खरी आग.

आगीसाठी सोडणंच घ्या. रॉकेल-पेट्रोलचे प्रयोग कुणी सुचवले तर ऐकू नका. सोडणांच्या ज्वाळा पावडरीने झटक्यात बसतात, पण निखारा आत जिवंत राहतो आणि मिनिटभराने पुन्हा पेटतो. पाठ फिरवली की काय होतं ते दाखवायला याहून चांगलं साधन नाही. आगीकडे तोंड ठेवून मागे सरकायचं, हे तिथे न सांगता समजतं. शेवटी पाण्याची बादली ओता.

वारा कुठल्याच गेममध्ये मला सापडला नाही. दुपारचा खारा वारा समुद्राकडून येतो, म्हणून पाठ समुद्राकडे. सकाळी लवकर शिकवत असाल तर मतलई वाहत असतो, तेव्हा उलटं. एकदा मी गप्पांच्या नादात हे विसरलो आणि सगळी तुकडी पावडरीने गणपतीच्या शाडूसारखी पांढरी झाली. दोन-तीन मीटरवरून सुरुवात, नळी ज्वाळेच्या बुडाशी, डावीकडून उजवीकडे. आणि मोठ्याने आकडे मोजायला लावा. पंधरा-वीस म्हणेपर्यंत टाकी संपते. तेवढ्यात विझली नाही तर बाहेर पळायचं आणि १०१ फिरवायचा.

५. याने काय शिकवू नये

पोहणं. हसू नका, मला दोघांनी विचारलंय. छाती दाबून हृदय चालू करणं हेही नको. तिथे मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं असतं आणि हवेत हात मारून ती खोली कळत नाही. त्यासाठी पुतळाच हवा.

६. सरावाचे अग्निशामक

नवे विकत घेऊ नका. गावात कुणाकुणाचे रिफिलिंगला जायचे आहेत ते आधी विचारून ठेवा, त्याच दिवशी ते सरावात रिकामे करा आणि दुसऱ्या दिवशी भरायला पाठवा. एकदा फवारलेला अग्निशामक अर्धा भरलेला वाटला तरी परत भिंतीला लावू नका. झडपेत पावडर अडकून दाब हळूहळू निघून जातो, आणि काट्याकडे कुणी बघत नाही.