ट्यूब नीट गेली, पण बीपी पडलं?

श्वासनळीत ट्यूब टाकून पेशंटला व्हेंटिलेटरवर घेतलं की नव्या रेसिडेंटचा रात्रीचा फोन ठरलेला: "मॅडम, ट्यूब गेली, सॅच्युरेशन वर आलं, पण बीपी पडलंय." बहुतेकांना आधी ट्यूब टाकताना दिलेल्या गुंगीच्या औषधाचाच संशय येतो. औषधाचा वाटा असतोच, पण छातीतल्या दाबाकडेही बघा.

आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छातीतला दाब उतरतो आणि शिरांतलं रक्त हृदयाकडे ओढलं जातं. व्हेंटिलेटर हवा ढकलतो, म्हणजे सगळं उलटं. रक्त परत आणणारा शिरांमधला दाब असतो जेमतेम 7-8 मिमी पारा. 10 सेंमी पाण्याचा पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) म्हणजे साधारण साडेसात मिमी. तो सगळा हृदयापर्यंत पोचत नाही, तरी शरीर कोरडं पडलेल्या पेशंटला तेवढाही जड जातो. म्हणून ट्यूब टाकायच्या आधीच सलाईन चालू हवं आणि बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन पंपावर लावलेलं हवं. मागाहून धावाधाव नको.

आता तुमचा हात बघा. अँब्यू (हातानं दाबून श्वास द्यायची बॅग) किती जोरात दाबताय? रेसिडेंट असताना दम्याच्या एका पेशंटला मी घाबरून मिनिटाला तीसेक वेळा बॅग केलं. नाडी लागेना. सीनियरनं काही न बोलता बॅग ट्यूबपासून काढली. सूंऽऽ करत हवा बाहेर येत राहिली, आणि अर्ध्या मिनिटात नाडी हाताला लागली. आत हवा कोंडली असेल तर हाच उपाय. नंतर रेट 8-10 वर ठेवा, उच्छ्वासाला भरपूर वेळ द्या. बॅग काढूनही फरक नाही? न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) शोधा. (एआरडीएसमध्ये, म्हणजे फुप्फुसं सुजून पाण्यानं भरलेली असताना, जास्त पीपवर असलेल्याची ट्यूब मात्र उगाच सोडू नका, उघडलेलं फुप्फुस पुन्हा मिटतं.)

आर्टेरियल लाइन (धमनीतली बीपी मोजणारी नळी) असेल तर लाट श्वासागणिक डोलते का ते बघा. पल्स प्रेशरमधला (वरच्या आणि खालच्या बीपीमधल्या अंतरातला) श्वासागणिक फरक 12-13 टक्क्यांच्या वर गेला तर सलाईनचा उपयोग होण्याची शक्यता बरी. पण पेशंट स्वतः श्वास घेत असेल, ठोके अनियमित असतील किंवा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिलेली हवा) किलोला 8 मिलीपेक्षा कमी असेल, तर त्या आकड्यावर जाऊ नका. उजवं हृदय थकलेलं असेल तर तो फसवतोही. तिथे फुगलेलं फुप्फुसच उजव्या हृदयापुढचा अडथळा असतो. पीप उतरवून बघा, बाटल्या लावू नका.

डावं हृदय कमजोर असेल तर गंमत उलटी. छातीतल्या दाबामुळे त्याचं ओझं हलकं होतं, म्हणून फुप्फुसात पाणी भरलेला पेशंट सीपॅपवर (मास्कमधून सतत दाबानं हवा देणारं यंत्र) सुधारतो. असाच पेशंट व्हेंटिलेटरवर असेल तर त्याला टी-पीसवर (व्हेंटिलेटरच्या दाबाशिवाय, ट्यूबमधून स्वतःच्या श्वासावर) घेताना पहिला अर्धा तास खाटेजवळून हलू नका. आधार काढल्यावर ते पाणी परत भरू शकतं.