कर्जात आणखी रुतायचं नसेल तर या चुका टाळा

पतसंस्थेच्या कर्ज विभागात मी 19 वर्षं काढली. आता निवृत्त आहे, तरी संध्याकाळी कुणी ना कुणी कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन दारात येतंच. माणसं वेगळी, चुका त्याच. पहिलं वाक्यही ठरलेलं: "ताई, या महिन्याचा हप्ता कुठून निघेल तेवढं सांगा, हिशेब नंतर बघू." मी आधी वही उघडते. हप्ता असाच कुठून कुठून काढत ते घर माझ्या दारापर्यंत आलेलं असतं.

हप्ता भरायला दुसरं कर्ज

सगळ्यात मोठी चूक हीच. इचलकरंजीत मागावर काम करणाऱ्या एकाची बायको आली होती. मंदीत नवऱ्याच्या पाळ्या कमी झालेल्या, ती घरी शिवणकाम करते. दोघांचे मिळून महिना 15,000. सासूच्या ऑपरेशनसाठी महिला गटातून 40,000 काढले, हप्ता 2,115. तो जड जाऊ लागला म्हणून दुसऱ्या गटातून 50,000, हप्ता 2,643. तोही ओढेना तेव्हा गल्लीतल्या एकाकडून 20,000, महिना दहा टक्क्यांनी. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापलं, हातात आले 18,000. त्याचं व्याज भरायला शेवटी डेली: कागदावर 10,000, हातात 8,500, रोज 100 रुपये असे शंभर दिवस.

चारही आकडे कुणी एकाखाली एक लिहिलेच नव्हते. मी लिहिले. महिन्याला 9,758. भाडं 3,500. पाच माणसांच्या खाण्याला उरले 1,742. बाई बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "तरीच पोरांचं दूध बंद करावं लागलं."

तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पेन्सिलने खुणा केल्या होत्या, सावकाराला दिलेल्या प्रत्येक 2,000 ची एक. तेरा खुणा. म्हणजे 26,000 गेले आणि मुद्दल 20,000 जागच्या जागी. पावती एकही नाही, वर नवऱ्याची सही असलेला कोरा चेक त्याच्या ताब्यात.

महाराष्ट्रात 2014 पासून सावकारीचा नवा कायदा आहे. परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. परवाना असला तरी सरकारने तेव्हा ठरवून दिलेला विनातारण कर्जाचा दर शेतकऱ्याला वर्षाला 12 टक्के आणि इतरांना 18. चक्रवाढ चालत नाही आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. या बाईकडून वर्षाला 120 टक्के घेतले जात होते. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था, यांच्या कार्यालयात करायची. घरचे घाबरले होते, अर्ज द्यायला दीड महिना गेला. अर्ज दिल्यावर चेक परत आला. पेन्सिलच्या त्या खुणा तेव्हा कामी आल्या.

आणि या सगळ्या काळात कपाटात तिचं गंठण पडून होतं! सोनं बँकेत ठेवायची लाज वाटते म्हणून लोक डेलीवाल्याला रोज दारात उभं करतात, हे बघून जीव तुटतो. गंठण बँकेत ठेवून आम्ही डेली मिटवली. काहीजण सांगतात, आधी छोटं कर्ज फेडा म्हणजे हुरूप येतो. मला ते पटत नाही. ज्याचं व्याज सगळ्यात महाग, त्याचं तोंड आधी बंद करायचं.

मायक्रोफायनान्सला, म्हणजे अशा गटांतून विनातारण छोटी कर्जं देणाऱ्यांना, 2022 पासून नियम आहे की सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. पण गल्लीतला सावकार आणि डेली कुठल्याच नोंदीत नसतात. ती बेरीज तुम्हालाच करावी लागते.

"हप्ता किती बसेल?" एवढंच विचारणं

"महिना फक्त एक टक्का" ऐकलं की लोक सही करायला पेन शोधतात. 50,000 दोन वर्षांसाठी, फ्लॅट 12 टक्के: व्याज 12,000, हप्ता 2,583. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण 50,000 वर. घटत्या शिलकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. घटत्या शिलकीवर 16 टक्के ऐकायला महाग वाटतात, पण त्याचा हप्ता 2,448. विचारायचं ते असं: हातात किती येणार, एकूण किती भरायचे? हे दोन आकडे रुपयांत लिहून मागा. बँका आणि वित्त कंपन्यांना 1 ऑक्टोबर 2024 पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. प्रोसेसिंग फी, विमा धरून वार्षिक दर त्यात असतो. तो कागद मी घरी नेऊन रात्रभर ठेवायला सांगते. "पाच मिनिटांत लोन" हवं असणाऱ्यांना हे आवडत नाही. पाच मिनिटांत घेतलेली कर्जं मी तीन-तीन वर्षं फेडताना पाहिली आहेत.

बाकीच्या चुका थोडक्यात

कर्ज देणाऱ्या ॲपला फोनमधले नंबर आणि फोटो बघू देऊ नका. पैसे देणारी बँक किंवा कंपनी कोणती ते दिसलंच पाहिजे आणि रक्कम तिच्या खात्यातून थेट तुमच्या खात्यात आली पाहिजे. कर्जाआधी फी मागितली की विषय संपवा. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. मायक्रोफायनान्सच्या वसुलीची वेळ 9 ते 6. बँकेकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीला 14448 वर फोन करा.

नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. चेक वटला नाही तर मात्र कलम 138 ची नोटीस येते आणि ती मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात. ते पाकीट न फोडता देवघरात ठेवणारे लोक मला भेटले आहेत. फोडा, त्याच दिवशी वकील गाठा.

जामीन राहताना असं समजा की कर्ज तुमचंच आहे.

नवऱ्यापासून किंवा बायकोपासून लपवलेलं कर्ज मी वहीत घेत नाही. दोघांना समोरासमोर बसवते, दोघांचे फोन टेबलावर, मग पहिली ओळ.

आणि हप्ता चुकणार हे दिसत असेल तर तारीख उलटायच्या आत बँकेत स्वतः जा. मुदत वाढवून हप्ता कमी करा असा अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घ्या. "साहेब बाहेर गेलेत, उद्या या" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.