एजीएमला उशीर, लेट फी भरूनही कलम ९९ ची नोटीस: कंपाउंडिंग असे झाले

अंबड एमआयडीसीतली आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड. एजीएम, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभा, ३० सप्टेंबरच्या मुदतीनंतर झाली. रोजचे १०० रुपये लेट फी भरून एओसी-४ (हिशेबपत्रके) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म दाखल केले, तरी सभा वेळेत न घेतल्याबद्दल कंपनी कायद्याच्या कलम ९९ खाली नोटीस आलीच. खुलाशाची पत्रे वाया गेली. मनस्ताप फार झाला. लेट फी फॉर्मपुरती असते, सभेचा गुन्हा त्याने मिटत नाही.

म्हणून कंपाउंडिंग, म्हणजे रक्कम भरून गुन्हा तडजोडीने मिटवणे, हा मार्ग धरला. आधी बोर्डाचा ठराव केला. मग कमाल दंड मोजला: एक लाख, अधिक उशिराच्या प्रत्येक दिवसाचे पाच हजार. २५ लाखांच्या आत, म्हणून अर्ज एनसीएलटीकडे (कंपनी न्यायाधिकरण) नाही, कंपनी मंत्रालयाच्या रीजनल डायरेक्टरकडे. कलम ४४१ खालील अर्जात कंपनीसोबत प्रत्येक डायरेक्टर अर्जदार. प्रतिज्ञापत्र, नोटीस, सभेचे इतिवृत्त जोडून जीएनएल-१ या फॉर्मने अर्ज दाखल केला. सुनावणीनंतर डायरेक्टरांनी आपला हिस्सा स्वतःच्या खात्यातून भरला. ऑर्डरनंतर सात दिवसांत आयएनसी-२८ (ऑर्डर रजिस्ट्रारला कळवण्याचा फॉर्म) भराच.