बाळाचा कॅथलिक बाप्तिस्मा: या चुका टाळा

तारीख, हॉल, पांढरा झगा, पाहुण्यांची यादी, सगळं ठरतं. पण आपल्याला बाळाला बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने चर्चमध्ये सामावून घेण्याचा संस्कार, द्यायचाय का, हे आईबाबांनी एकमेकांना विचारायचंच राहून जातं. सगळ्यात मोठी चूक हीच.

विधीच्या सुरुवातीलाच फादर विचारतात: बाळाचं नाव काय ठेवलंत? त्याच्यासाठी चर्चकडे काय मागता? ‘बाप्तिस्मा’ हे उत्तर आईबाबांनी द्यायचं असतं. पुढे सैतानाचा त्याग आणि श्रद्धेची कबुलीही त्यांच्याच तोंडून. बाळ कडेवर झोपलेलं असतं, शब्द मोठी माणसं देतात. म्हणून ते प्रश्न आधी घरी मोठ्याने वाचा. एखाद्या उत्तराशी कुणाचा आवाज अडखळला, तर तिथेच थांबून बोला. आजीला बरं वाटेल एवढंच कारण असेल, तर ते पुरेसं नाही असं मला मनापासून वाटतं.

दुसरी चूक जास्त दुखावणारी: आईबाबांना न सांगता कुणीतरी घरीच बाळाच्या डोक्यावर पाणी ओतणं. प्राणसंकट असेल तर योग्य हेतूने कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. एरवी आईवडिलांपैकी एकाची तरी संमती लागतेच. पण पाणी, शब्द आणि हेतू बरोबर असतील, तर असा नियमबाह्य बाप्तिस्माही वैध ठरतो. तो पुसता येत नाही आणि पुन्हा देताही येत नाही. प्रेमापोटी केलेलं हे कृत्य घरातला विश्वास मोडतं.

फादर ‘थोडं थांबूया’ म्हणाले की लोक ‘नाही’ ऐकतात. 1983च्या धर्मसंहितेनुसार, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यानुसार, बाळ कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी रास्त आशा हवी. ती अजिबात नसेल तर बाप्तिस्मा पुढे ढकलतात आणि कारणही सांगतात. त्यांच्याशी बोलत राहा. आईबाबांचं लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, एवढ्यावरून दार बंद होत नाही. मिश्रविवाहात, म्हणजे एकच जोडीदार कॅथलिक असेल तेव्हा, त्या कॅथलिक जोडीदाराने मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन दिलेलं असतं. दुसऱ्याकडून तसं वचन घेत नाहीत, त्याला फक्त कल्पना देतात. हा विषय बाळ येण्याआधीच काढा.

गॉडपेरेंट, म्हणजे बाळाला श्रद्धेत वाढायला साथ देणारे धर्ममाता-धर्मपिता, ठरवताना जिवलग मैत्रीला पहिलं स्थान मिळतं. माझ्या बहिणीने असंच ठरवलं, आणि आठवडाभर आधी कळलं की त्या मैत्रिणीचं दृढीकरण (कन्फर्मेशन, बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा दृढ करणारा संस्कार) झालेलंच नाही. दोघी रडल्या. नियम आधी विचारले असते तर हे टळलं असतं: सर्वसाधारणपणे वय 16 पूर्ण, कॅथलिक, दृढीकरण झालेलं, स्वतः आईवडील नकोत. एकच गॉडपेरेंटही चालतो. दोन असतील तर एक पुरुष, एक स्त्री. बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट मित्र कॅथलिक गॉडपेरेंटसोबत साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो.

मूल सात वर्षांचं झालं असेल तर त्याची स्वतःची तयारी आणि इच्छाही लागते.

विधीनंतर फोटोंच्या गडबडीत चर्चच्या नोंदवहीतलं नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख तपासून घ्या. लग्नाच्या वेळी त्याच नोंदीचा दाखला मागतात.