झालमुरी मऊ पडू नये म्हणून

कोलकात्याच्या झालमुरीत, म्हणजे तिथल्या तिखट चुरमुऱ्यांत, भेळेसारखी चिंचेची चटणी पडत नाही; सगळा जोर कच्च्या मोहरीच्या तेलावर. घरी करताना चुरमुरे आधी कोरड्या कढईत मंद आचेवर कुरकुरीत करून गार होऊ द्या. दोन वाट्यांना चमचाभर तेल पुरतं. ते आधी चोळा, मग भाजलेल्या जिऱ्याची पूड, शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, हिरवी मिरची. उकडलेला बटाटा, कांदा, काकडी आणि लिंबू अगदी शेवटी, खायला बसताना. उंच डब्यात घालून चमच्याने भराभर ढवळा, तिथले फेरीवाले तसंच करतात. मोहरीच्या तेलातल्या लोणच्याचा खार असेल तर फारच उत्तम, फक्त मीठ बेतानं. आणि शेंगदाण्याचं तेल घालणार असाल तर सरळ भेळच करा!