कदंब लावायचाय? आधी मे महिन्यातली ओल बघा

जून आला की एजंट लोक कदंबाची रोपं घेऊन बांधावर येतात, एकरी एवढे पैसे मिळतील, तेवढे मिळतील सांगतात. झाड खोटं नाहीये भाऊ, चांगल्या जागेत सुरवातीला वर्षाला ६-७ फूट सहज वाढतं, पण ते मूळचं नदीकाठच्या ओल्या गाळातलं झाड आहे, पार आसामपासून न्यू गिनीपर्यंत सखल ओलसर जंगलातच वाढतं. आपल्या नाशिक जिल्ह्यात येवला, सिन्नर, चांदवडला पाऊस जेमतेम ५०० मिमीच्या आसपास, तिथं माळावर लावून काय होणार? आणि इगतपुरीवाल्यांनी पण लगेच खुश होऊ नका, पाऊस ३००० च्या वर पडतो खरा पण मे मध्ये विहिरीला पाणी नसतं आणि मुरमात ओल टिकत नाही. म्हणून दारणा-कादवाच्या काठची, ओढ्यालगतची खोल गाळाची जमीन असेल तरच नाद करा, म्हणजे मे मध्ये २ फूट खोदलं तर माती हाताला गार लागली पाहिजे.

जागा जमली तर दीड फुटाचे खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या, शेणखत टाका, आणि पहिल्या सरीला घाई करू नका, पाऊस नीट लागला की मगच रोप लावा. अंतर ४ मीटर ठेवा, ऊन भरपूर लागतं याला. एक गंमत आहे, झाड ओल्याचं असलं तरी लहान रोपाच्या बुडाशी पाणी साचलेलं चालत नाही, त्यामुळे काळ्या जमिनीत थोडा उंचवटा करूनच लावा. बी टाकून रोपं करायच्या भानगडीत पडू नका, १ ग्रॅममध्ये २०,००० च्या आसपास बी असतं, पहिल्या जोराच्या पावसात सगळं वाहून जातं. गुरं पाला आवडीनं खातात, तेव्हा काटेरी कुंपण पाहिजेच. पावसाळ्यात पानं गुंडाळणारी अळी येते, झाडं लहान आहेत तोवर गुंडाळलेली पानं तोडून नष्ट करा. पहिले दोन उन्हाळे ड्रिप चालू ठेवावं लागेल, ते पाणी द्राक्षातून काढणार का ते तुमचं तुम्ही बघा.

चोपण, म्हणजे खारवट जमीन असेल तर कदंब सोडाच, सरळ करंज लावा, तो खारं पण सोसतो.

लाकूड मऊ आणि हलकं असतं, काडेपेटी, प्लायवूड, खोक्यांना चालतं, दारं-खिडक्यांना नाही. रोपांचे पैसे द्यायच्या आधी जवळच्या प्लायवूडवाल्याला फोन करून विचारा, घेणार का आणि किती जाडीचं घेणार.